समुद्रतळाच्या गाळातून जुना समुद्र कसा वाचायचा: ठाणे खाडीकाठच्या विद्यार्थ्यांसाठी

गेल्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन ऐरोलीला माझ्या घरी आली. अरबी समुद्रातल्या एका कोअरचे (तळातून नळीनं काढलेल्या गाळाच्या दंडगोलाचे) आकडे तिनं इंटरनेटवरून उतरवून घेतले होते. एका रकान्यात गाळाची खोली, दुसऱ्यात ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड प्रकारांचं, प्रमाण. पहिल्याच ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "मॅडम, उणे २.३ म्हणजे किती अंश सेल्सियस?"

मी विचारलं, "कुणाचं कवच?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. त्यात तिची चूक नव्हती, कारण आपल्याकडे हा विषय बहुधा आलेखापासून शिकवायला घेतात. पण जुन्या समुद्राचं तापमान गाळात कुठं लिहून ठेवलेलं नसतं. एका पेशीच्या कुठल्याशा जिवानं ठरावीक खोलीवर, वर्षातल्या ठरावीक दिवसांत, काही आठवड्यांच्या आयुष्यात आपलं घर बांधलेलं असतं. बांधताना भोवतालचं पाणी जसं होतं, त्याची खूण त्या घरात उरते आणि आपण ती वाचतो. म्हणून या लेखात माझा आग्रह एकच राहील: आधी जीव ओळखा, मग आकड्याला हात लावा. कामाचा क्रमही मी तसाच ठेवला आहे.

हे जीव कोण

फोरॅमिनिफेरा हे त्यांचं पूर्ण नाव, प्रयोगशाळेत नुसतं ‘फोरॅम’. बहुतेकांचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, म्हणजे खडूच्याच द्रव्याचं. काही जण मात्र गाळातलेच कण एकमेकांना चिकटवून घर करतात. आकार रव्याच्या कणाएवढा किंवा त्याहून बारीक. त्यांचे दोन मोठे गट ध्यानात ठेवा. एक गट पाण्यात तरंगत जगतो आणि मेल्यावर त्याची कवचं तळाशी जातात. दुसरा गट तळावरच किंवा गाळाच्या वरच्या काही सेंटिमीटरांत राहतो. पहिला गट वरच्या पाण्याची साक्ष देतो, दुसरा तळाच्या पाण्याची. एकाच चमचाभर गाळात दोन्ही साक्षीदार सापडतात, आणि हीच या पद्धतीची खरी ताकद आहे.

डायटम आणि रेडिओलेरिया यांची सिलिकाची कवचं, कोकोलिथच्या चुन्याच्या चकत्या, ऑस्ट्रॅकॉड यांच्यावरूनही समुद्र वाचता येतो. पण सुरुवात फोरॅमपासून करावी. साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात, ब्रशनं उचलता येतात आणि ज्या कवचाला ओळखलं तेच रासायनिक तपासणीला पाठवता येतं. कोकोलिथच्या बाबतीत हे जमत नाही.

सरावाचा गाळ कुठून आणायचा

खोल समुद्रातला कोअर विद्यार्थ्याच्या हाती सहज पडत नाही. हात मात्र आधीच बसलेला हवा, आणि त्यासाठी आपल्या दारातला खाडीचा गाळ उत्तम आहे. इथं पहिली सूचना कायद्याची. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अभयारण्यातून किंवा कांदळवनातून मूठभर गाळसुद्धा वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी असल्याशिवाय उचलायचा नाही. कॉलेजच्या लेटरहेडवर रीतसर अर्ज करा.

दुसरी सूचना जिवाची. ओहोटीला उघडा पडलेला गाळ वरून घट्ट दिसतो, पण पाऊल टाकलं की माणूस मांडीपर्यंत रुततो, आणि उधाणाची भरती फार झपाट्यानं चढते. एकट्यानं उतरू नका.

याहून सोपा मार्ग आहे. दिवाळे किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्यात जाऊन होडीच्या नांगराला लागलेला गाळ मागा. नांगर कुठं टाकला होता, पाणी किती वाव होतं, भांगाचे दिवस होते की उधाणाचे, हे सगळं कोळीदादा नेमकं सांगतात. ते वहीत लिहून घ्या. हा गाळ ढवळलेला असतो, त्यामुळे त्याच्या थरांवरून काही सांगता येणार नाही; पण धुणं, वेचणं आणि ओळखणं शिकायला तो पुरेसा आहे.

आणलेला गाळ त्याच आठवड्यात धुवा. हे मी स्वतःच्या नुकसानीतून सांगते आहे. एकदा जून महिन्यात आणलेली काळ्या गाळाची बादली मी तशीच ठेवून दिली आणि दिवाळीच्या सुट्टीत उघडली. गाळात काचेच्या सुयांसारखे जिप्समचे स्फटिक तयार झाले होते आणि कवच एकही उरलं नव्हतं. कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या काळ्या गाळात लोहाची सल्फाइडं असतात. हवा लागली की त्यांचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल चुन्याची कवचं खाऊन टाकतं. कवचातलं कॅल्शियम आणि आम्लातलं सल्फेट मिळून जिप्सम होतं. अशी बादली पाहून ‘या गाळात फोरॅम नव्हतेच’ असा निष्कर्ष काढणं किती सोपं होतं, याचा विचार करून मला आजही अस्वस्थ वाटतं. लगेच धुणं शक्य नसेल तर गाळ पसरून, पूर्ण वाळवून ठेवा.

धुणं आणि चाळणं

वाळलेला गाळ वजन करून घ्या. खाडीचा असेल तर ५० ग्रॅम पुरे. साध्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. चिकणमाती सुटत नसेल तर चिमूटभर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट टाका. हायड्रोजन पेरॉक्साइडनं सेंद्रिय द्रव्य लवकर निघतं, म्हणून बरेच जण तो वापरतात. पण ते द्रावण आम्लधर्मी असू शकतं आणि पातळ कवचांवर ओरखडे उमटतात. कवचांची रासायनिक तपासणी करायची असेल तर मी पेरॉक्साइड वापरत नाही.

नंतर ६३ मायक्रॉनची चाळणी. माती आणि काँक्रीट तपासणाऱ्या प्रयोगशाळांना माल पुरवणारे दुकानदार बहुधा ७५ मायक्रॉनची पुढे करतात, कारण त्यांच्या कामाचं माप ते आहे. ती घेऊ नका, बारीक प्रजाती आणि पिल्लं निसटून जातील. जाळीच्या नंबरात मागायची तर २३० नंबरची मागा. चाळणीवर पाण्याची सौम्य धार सोडा, खालून पाणी नितळ येईपर्यंत. बोटानं घासू नका; कवचं फुटतात आणि पुढं फुटलेल्या कवचांची मोजणी करायची वेळ आली की ती तुम्ही फोडली की समुद्रानं, हे कळत नाही.

दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मेथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवून काढा. आधीच्या नमुन्यातलं एखादं कवच जाळीत अडकलं असेल तर ते निळं होतं. पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं की ते पाहुणं आहे असं समजून बाजूला काढायचं. एवढी साधी युक्ती आहे, पण ती नसेल तर दहा हजार वर्षांचं अंतर असलेले दोन थर एकमेकांत मिसळतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

चाळणीवर उरलेलं द्रव्य ५० अंशांच्या आत वाळवा, पुन्हा वजन करा, आणि कोरडंच १५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. प्रत्येक पुडीवर नमुन्याचा क्रमांक, खोली, तारीख आणि चाळणीचं माप पेन्सिलनं लिहा. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत शाई फुटते.

वेचणं आणि ओळखणं

काळा ट्रे, तीन शून्यांचा बारीक ब्रश, वाटीत थोडं पाणी. ब्रशचं टोक ओलं करून कवचाला टेकवलं की ते चिकटून येतं. पहिल्या दिवशी तासाभरात वीस कवचं निघाली तरी पुष्कळ झालं.

खाडीच्या नमुन्यात आधी दिसेल तो काळा कचरा. पारसिक, येऊर आणि उल्हासच्या खोऱ्यातला बेसाल्ट झिजून आलेले हे कण. कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक वरून फिरवलं तर त्यातले मॅग्नेटाइटचे कण उचलले जातात आणि ट्रे बराच मोकळा होतो. यानंतर काचेसारखे गुळगुळीत, परिपूर्ण गोल मणी दिसले तर हुरळून जाऊ नका. ती कोळशाच्या राखेतली गोलकं असतात. फोरॅमला कप्पे असतात, कप्प्यांमध्ये शिवणी असतात आणि बाहेर उघडणारं एक तोंड असतं. या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय कशालाही फोरॅम म्हणू नका.

खाडीत सर्वांत जास्त भेटेल तो ॲमोनिया. गोगलगाईसारखा चपटा वेटोळा, खालच्या बाजूला मध्यभागी एक गाठ. नावाचा अमोनिया वायूशी संबंध नाही. ॲमन या देवाच्या मेंढ्यासारख्या वळलेल्या शिंगांवरून ते आलं आहे. कमीजास्त खारेपणा, सांडपाणी, प्राणवायूचा तुटवडा हे सगळं तो सोसतो. सोबत एल्फिडियम असेल, शिवणींवर बारीक पूल असलेला. तरंगणारे फोरॅम खाडीत जवळपास नसतातच; एखादा सापडला तर तो भरतीबरोबर बाहेरून आलेला समजा. ट्रेमध्ये दोनतीनच प्रजाती आणि त्यांची प्रचंड संख्या, हे चित्र म्हणजे ताण असलेलं, उथळ, निमखारं पाणी. हे चित्र डोळ्यांत बसवून ठेवा. आजची खाडी कशी आहे हे तुम्हाला पुलावरून रोज दिसतं, म्हणून कवचं काय सांगतात आणि पाणी खरोखर कसं आहे याचा ताळा इथंच घेता येतो. जुन्या समुद्राच्या बाबतीत ती सोय नाही.

आता शेजारी खोल अरबी समुद्राचा नमुना ठेवून पाहा. किती वेगळं जग आहे! चिखल जवळजवळ नाहीच, ट्रेभर पांढरी कवचं. त्यातले चार तरी ओळखता आले पाहिजेत. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर: तीन फुगीर कप्पे, मुख्य तोंडाशिवाय शिवणींवर आणखी भोकं, उष्ण, वरच्या थरातला रहिवासी, अंगात प्रकाशावर जगणारी शैवालं बाळगणारा. ट्रायलोबेटस सॅक्युलिफर: शेवटचा कप्पा पुष्कळदा पिशवीसारखा. ग्लोबोरोटालिया मेनार्डी: मोठा, चपटा, कडेला धार; जरा खोलवर राहतो. आणि ग्लोबिजेरिना बुलॉइडिस: चार गोल कप्पे, एक मोठं कमानदार तोंड, थंड आणि अन्नानं भरलेल्या पाण्याचा भोक्ता.

बुलॉइडिसवर जरा थांबू या. उन्हाळी मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर, फार जोरानं वाहतात. त्यांच्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. त्या पाण्यात बुलॉइडिसची भरभराट होते. म्हणून ओमानजवळच्या कोअरमधलं बुलॉइडिसचं शेकडा प्रमाण हे मोसमी वाऱ्याच्या जोराचं माप म्हणून वापरतात. अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ‘नेचर’मध्ये याच मापावरून दाखवलं की गेल्या दहाएक हजार वर्षांत उत्तर अटलांटिक जेव्हा जेव्हा गारठला, तेव्हा तेव्हा आपला नैर्ऋत्य मोसमी वारा मंदावला. आपल्या पावसाचे धागे किती दूर जाऊन बांधलेले आहेत, हे एका पेशीच्या जिवानं सांगितलं. मात्र बुलॉइडिस सांगतो तो वारा. कोकणात पाऊस किती पडला, हे त्याला ठाऊक नसतं. वारा आणि पाऊस बहुधा बरोबर वाढतात, पण हे गृहीतक आहे हे लेखात लिहायला विसरू नका.

मोजणी किती करायची? प्रत्येक नमुन्यात सुमारे ३०० कवचं, हा रूढ आकडा. एखादी प्रजाती २० टक्के असेल तर ३०० च्या मोजणीत चूक साधारण साडेचार टक्के इकडेतिकडे राहते. १०० च मोजली तर ती जवळपास आठ टक्क्यांवर जाते. नमुना फार मोठा असेल तर तो स्प्लिटरनं समान विभागून घ्या. ट्रेच्या कोपऱ्यातून मोठी, देखणी कवचं निवडून तीनशे भरू नका.

कोअर हाती आला तर

कोअर म्हणजे समुद्रतळात नळी घुसवून काढलेला गाळाचा उभा दंडगोल. वजनाच्या जोरावर घुसणारा ग्रॅव्हिटी कोअर काही मीटरांचा मिळतो. दट्ट्याच्या ओढीनं गाळ आत घेणारा पिस्टन कोअर त्याहून पुष्कळ लांब. दोन्हींत सर्वांत वरचा, पातळ, म्हणजे आपल्या काळाचा थर बरेचदा उधळला जातो. त्यासाठी त्याच जागी मल्टिकोअरनं वरचे काही डेसिमीटर वेगळे घेतात. तुमच्याकडे आलेल्या माहितीत फक्त पिस्टन कोअर असेल तर ‘० सेंटिमीटर म्हणजे आज’ असं मानू नका.

जहाजावर कोअर दीड मीटरच्या तुकड्यांत कापतात आणि प्रत्येक तुकडा उभा चिरतात. एक अर्धा कामाचा, दुसरा जपून ठेवायचा. आधी फोटो, मग रंग आणि थरांचं वर्णन, मग चुंबकीय मोजमापं. नमुन्यासाठी काप घेणं सर्वांत शेवटी. कोअरच्या कडेचा अर्धा सेंटिमीटर गाळ घेऊ नका, नळी घुसताना वरचा गाळ कडेनं खाली ओढला गेलेला असतो.

मुंबईच्या पश्चिमेला हे काम मोठ्या प्रमाणावर झालं ते २०१५ साली. ‘जॉइडिस रेझोल्युशन’ या जहाजानं लक्ष्मी खोऱ्यात, भारतीय किनाऱ्यापासून साधारण ४७५ किलोमीटरवर, सुमारे ३,६०० मीटर पाण्याखाली तळाला भोकं पाडली आणि तळाच्याही खाली १,१०० मीटरांपर्यंत मजल मारली. त्यात समुद्राखालची अवाढव्य दरड लागली. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी आपल्या बाजूच्या उतारावरून घसरून आलेला हा ढिगारा ‘नटराज’ या नावानं ओळखला जातो. अशा ढिगाऱ्यात जुने आणि नवे जीवाश्म एकत्र असतात. वर्णन न वाचता कुणी त्या खोलीवरच्या कवचांचा आलेख काढला तर हवामानात विलक्षण उलथापालथ दिसेल, आणि ती निव्वळ दरडीची असेल. ज्या थरात उथळ पाण्याचे तळवासी फोरॅम अचानक खोल समुद्रातल्या गाळात दिसतात, तिथं थांबा आणि फोटो पाहा.

वय

गेल्या पन्नासएक हजार वर्षांसाठी कार्बन-१४. एकाच तरंगत्या प्रजातीची काही मिलिग्रॅम कवचं वेचून ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमीटरवर पाठवायची. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे वय काहीशे वर्षांनी जास्त दिसतं. जिथं खालचं पाणी वर येतं तिथं आणखी जास्त. कार्बनचं वय खऱ्या वर्षांत बदलणाऱ्या मरीन-२० या वक्रात सरासरी दुरुस्ती आधीच धरलेली असते; त्या जागेचा वेगळा फरक तेवढा लावून त्याच्याशी जुळवणी करायची.

आता एक बनवलेलं उदाहरण घेऊ. समजा २० सेंटिमीटरवर ८,००० वर्षं आणि ६० सेंटिमीटरवर २४,००० वर्षं निघाली. म्हणजे ४० सेंटिमीटर गाळ साठायला १६,००० वर्षं लागली. हजार वर्षांत अडीच सेंटिमीटर. तुम्ही दर २ सेंटिमीटरला नमुना घेतला तर दोन नमुन्यांत ८०० वर्षांचं अंतर. पण तळावरचे किडे आणि खेकडे वरचा साधारण १० सेंटिमीटर थर सतत ढवळत असतात. दहा सेंटिमीटर म्हणजे इथं ४,००० वर्षं एकजीव झालेली. अशा कोअरला शतकाशतकाचे प्रश्न विचारायचे नाहीत. तसे प्रश्न विचारायचे असतील तर अरबी समुद्राच्या कडेवरचे, सुमारे २०० ते १,००० मीटर खोलीवरच्या प्राणवायू अत्यल्प असलेल्या पट्ट्यातले कोअर शोधा. तिथं ढवळणारे प्राणीच फार कमी, त्यामुळे काही ठिकाणी वर्षावर्षाचे पातळ थर शाबूत राहतात.

पन्नास हजारांच्या मागं जायचं तर तळवासी फोरॅमचा ऑक्सिजनचा आलेख जगभरच्या सरासरी आलेखाशी जुळवतात. लिसिएकी आणि रेमो यांनी २००५ मध्ये ५७ ठिकाणच्या नोंदी एकत्र करून ५३ लाख वर्षांचा असा आलेख तयार केला. त्यातले सम क्रमांकाचे टप्पे थंड, विषम क्रमांकाचे उबदार.

ऑक्सिजनचा आकडा

ऑक्सिजन-१६ हलका, ऑक्सिजन-१८ जड. पाणी थंड असेल तर कवचात जडाचं प्रमाण वाढतं. ठरलेल्या मानक नमुन्यापेक्षा जडाचं प्रमाण किती कमीजास्त, हे सांगणारा आकडा म्हणजे डेल्टा-१८; एक अंश तापमान चढलं की तो सुमारे ०.२२ नं उतरतो. एकक दर हजारी. याच नियमावर चेझारे एमिलियानींनी १९५५ मध्ये तरंगत्या फोरॅमवरून हिमयुगांतलं सागरी तापमान मांडलं. त्यांच्या मते आकड्यातला बहुतेक बदल तापमानाचा होता, बर्फाचा वाटा थोडा.

बर्फाचा वाटा कशाला? समुद्राची वाफ होताना हलका ऑक्सिजन जास्त उडतो. हिमयुगात ती वाफ हिम होऊन जमिनीवरच अडकून बसली, समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरनं खाली गेली आणि उरलेलं पाणी जड झालं. म्हणजे तापमान तेच राहिलं तरी कवच जड होणार. मग वाटे वेगळे कसे करायचे? निक शॅकलटन यांनी १९६७ साली तोच प्रश्न दुसऱ्या साक्षीदाराला विचारला. त्यांनी तळवासी फोरॅम घेतले. खोल तळाचं पाणी आजच गोठणबिंदूच्या जवळ आहे, ते हिमयुगात आणखी फारसं गार होऊच शकत नव्हतं. तरीही तळवासी कवचांत जवळपास तेवढाच मोठा बदल निघाला. म्हणजे त्यातला मोठा भाग बर्फाचा. हा शोध मला दर वेळी शिकवताना नव्यानं आवडतो. त्यामागचा प्रश्न तोच आहे, कुणाचं कवच?

प्रत्यक्ष कामात एका मापासाठी एकाच प्रजातीची, एकाच आकाराची, बहुधा २५० ते ३५५ मायक्रॉनमधली दहावीस कवचं घ्या. लहानमोठी मिसळू नका. फोरॅम वाढताना खोली बदलतो आणि कवचाचं रसायनही बदलतं. अल्कोहोलमध्ये काही सेकंद अल्ट्रासॉनिक स्नान द्या, माती निघाली की थांबा. यंत्रात फॉस्फोरिक आम्लानं त्यांचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो मोजला जातो.

दुसरं थर्मामीटर

कवच बांधताना कॅल्शियमच्या जागी थोडं मॅग्नेशियम शिरतं, आणि पाणी जितकं उबदार तितकं ते जास्त शिरतं. अंशामागे साधारण ९ टक्के. पल्लवी आनंद आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दिलेलं सूत्र उलटं लिहिलं तर असं: मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तराला ०.३८ नं भागा, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम घ्या, त्याला ०.०९ नं भागा. गुणोत्तर ४.५ असेल तर सुमारे २७.५ अंश, ३.७ असेल तर २५.३ अंश. गुणोत्तराचं एकक इथं मिलिमोल प्रति मोल आहे.

आता दोन्ही मापं एकाच रुबरच्या कवचांवर लावा. समजा आजच्या आणि हिमयुगाच्या थरांत ऑक्सिजनचा फरक १.७ आहे. बर्फाचे साधारण १.० वजा करा. मॅग्नेशियम सांगतं की पाणी २.२ अंशांनी गार होतं, त्याचे ०.४८ वजा करा. उरले ०.२ च्या आसपास. हा उरलेला भाग पाण्याच्या खारेपणाचा, म्हणजे पाऊस, नद्यांचं पाणी आणि बाष्पीभवन यांच्या हिशेबाचा. पाऊस कमी, समुद्र अधिक खारा, उरलेला आकडा अधिक. पावसाविषयी बोलायचं ते या उरलेल्या आकड्यावर, आणि तो इतका लहान असतो म्हणून आधीच्या प्रत्येक पायरीवर एवढी काळजी.

मॅग्नेशियमचा मोठा शत्रू चिकणमाती. कवचाच्या भोकात अडकलेल्या मातीत मॅग्नेशियम भरपूर असतं. धुणं कमी पडलं की समुद्र खोटाच उबदार दिसतो. ॲल्युमिनियम आणि मँगनीजही सोबत मोजून घ्या, ते जास्त निघाले तर माप टाकून द्या. दुसरा शत्रू विरघळणं. चार-पाच किलोमीटर खोलीच्या आसपास एक पातळी येते, तिच्याखाली चुन्याची कवचं टिकतच नाहीत, आणि तिच्या वरही ती हळूहळू झिजतात. आधी जातात ती पातळ कवचं, नंतर उरतात मेनार्डीसारखी जाड. म्हणून मेनार्डीचे तुकडे किती आणि अखंड किती, हे प्रत्येक नमुन्यात मोजा. शिवाय कवच काचेसारखं पारदर्शक आहे की पिठी लावल्यासारखं पांढरं, हे पाहा. पांढऱ्यावर नंतरचं कॅल्साइट चढलेलं असू शकतं.

उणे २.३

प्रयोगशाळा नसली तरी ठाण्यात बसून याचा सराव करता येतो. पॅन्गेयासारख्या खुल्या भांडारांत शेकडो कोअरची मूळ मोजमापं मोफत मिळतात. आकडे उतरवताना प्रजाती, चाळणीचं माप, पाण्याची खोली आणि वय काढण्याची पद्धत हे चार रकाने आधी भरा. ते भरता येत नसतील तर दुसरा कोअर घ्या.

त्या विद्यार्थिनीच्या कोअरची मूळ नोंद आम्ही शोधून काढली. कवच रुबरचं निघालं, २५० ते ३५५ मायक्रॉनचं. मग शॅकलटनचं १९७४ चं सूत्र घेतलं: तापमान = १६.९ − ४.३८ × (कवच − पाणी) + ०.१० × (कवच − पाणी)². पाण्याचा स्वतःचा डेल्टा-१८ चा आकडा ०.६ धरला. कवचाच्या मापपट्टीवर आणण्यासाठी त्यातून ०.२७ वजा केले, म्हणजे ०.३३. कवच वजा पाणी झालं उणे २.६३, आणि तापमान २९.१ अंश. मग तिनं आपणहून पाण्याचा आकडा ०.३ करून पाहिला. उत्तर आलं २७.६.

कवच तेच, माप तेच, आणि पाण्याविषयीच्या एका अंदाजानं दीड अंशाचा फरक. ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत बसली. मग मूळ ओळीसमोर तिनं पेन्सिलनं लिहिलं: ‘रुबर, वरचा थर. पाणी माहीत नाही, मॅग्नेशियम शोधायचं.’